नखाची खूण

२ सप्टेंबर

नकटे,

सुगंधांच्या प्रयोगशाळेचं नेमणूकपत्र तुला मिळून तीन आठवडे होत आले. तुझ्याकडून ना होय, ना नाही. तिथली प्रमुख माझी विद्यार्थिनी. काल बाजारात गाठ पडली. "मॅडम, तुमच्या भाचीचं काय ठरलं?" म्हणाली. मी सांगितलं, भाची सज्ञान आहे, तिच्या वतीने मी बोलत नाही. मग घरी येऊन तडक हे पत्र लिहायला बसले.

मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे. त्या नोकरीच्या परीक्षेला तू माझ्या गुडघ्याचं निमित्त करून आलीस. घरी खरं सांगून आली असतीस तर मला जास्त आवडलं असतं, पण ते असो. समोर ठेवलेली तेलं वासावरून ओळखताना तुझं एकच चुकलं आणि त्यावर तिथली जुनी माणसंही चुकतात, असं प्रमुखच म्हणाली. आठ वर्षं सासरच्या कारखान्यात तू तेलं हुंगते आहेस. साबण, अत्तरं, उशीत घालायच्या सुगंधी पिशव्या, सगळं तुझ्या हाताखालून जातं. आणि डब्यावर नाव सासूचं. आता तुझ्या नावाने काम मिळतंय तर अडलंय कुठे? नवऱ्याला यंत्रं दुरुस्त करता येतात, तो या गावात उपाशी मरणार नाही.

वरची खोली झाडून घेतली आहे.

आत्या


९ सप्टेंबर

आत्या,

फोनवर सांगता येत नाही म्हणून लिहिते आहे. इथल्या भिंती पातळ आहेत आणि मी बोलायला लागले की सगळं घर गप्प होतं.

तू विचारलंस, अडलंय कुठे. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. वाचलंस की पत्र फाडून टाक.

सासूबाईंना वास येत नाही.

चार वर्षांपूर्वी याच दिवसांत त्या तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या, आठवतं? ताप गेला, तो वास घेऊन गेला. एका संध्याकाळी साठवणीच्या खोलीत त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी होती. म्हणाल्या, "मला काही येत नाही गं. काहीच नाही. कोणाला कळलं तर त्या दिवशी मी मेले असं समज." हंगामाचं नवं लॅव्हेंडर तेल दारात आलेलं, घ्यायला येणारे व्यापारी ओळीने बसलेले. ते आमच्या घराच्या नावावर माल नेत नाहीत, सासूबाईंच्या निवडीवर नेतात. आणि माझा धाकटा दीर तर टपूनच बसलाय. आईचं नाक गेलं असं नुसतं कानावर आलं, तरी तो सगळीकडे स्वस्तातलं एकच तेल वापरायला लावील आणि आईला व्हरांड्यात खुर्ची टाकून देईल.

तर त्या दिवसापासून असं चाललंय. तेलाच्या निवडीच्या दिवशी सगळं घर टेबलाभोवती बसतं. मी आत जाऊन कागदाच्या पट्ट्या तेलांत बुडवते आणि त्यांच्यापुढे पंख्यासारख्या मांडते. जी निवडायची तिच्या बुडाशी नखाने एक बारीक चुणी पाडलेली असते. त्या प्रत्येक पट्टी नाकाशी नेतात, डोळे मिटतात, थांबतात, आणि अंगठ्याने बूड चाचपतात. मग म्हणतात, "ही." सगळे मान डोलावतात. दरवर्षी मला वाटतं, आत्ता कोणीतरी हसेल. कोणी हसत नाही.

मी गेले तर पट्ट्या कोण मांडणार? ह्यांना विचारलं तर म्हणतात, "जाऊ या ना, पण आईचं एवढं एक वर्ष पार पडू दे." चार वर्षं हेच ऐकते आहे. त्यांना माहीतही नाही की ते किती बरोबर बोलतात.

आणि बाहेर पडावं म्हटलं तर त्याचीही चोरी. परवा माल पोचवून येताना चौकातल्या दुकानात एकटीने बसून एक कप कॉफी प्यायले. तेवढीच दहा मिनिटं माझी. दारात पाऊल टाकते न टाकते तोच सासूबाई म्हणाल्या, "कॉफी पिऊन आलीस वाटतं." कोणीतरी चुगली केली असणार. या गल्लीत खिडक्यांनासुद्धा डोळे आहेत.

खोली झाडलीस, बरं केलंस. पण घाई करू नकोस.

तुझी
नकटी


१४ सप्टेंबर

नकटे,

पत्र फाडलं नाही. मी पत्रं फाडत नाही. कुलपात ठेवलं आहे.

तुझ्या सासूबद्दल मला वाईट वाटलं. ते एका वाक्यात लिहून मोकळी होते, कारण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. तिच्या नाकाची जागा तू घेतलीस, हे एका हंगामापुरतं माणुसकीचं होतं. चार हंगाम झाले. आता ती माणुसकी राहिलेली नाही, नोकरी आहे. आणि तीही अशी, की जिचा राजीनामा देता येत नाही.

दुसरं. कॉफीचं तिला कोणी सांगितलं? नाव विचार. तू म्हणतेस चुगली. त्या चौकात तुला ओळखणारं कोण होतं?

तिसरं. चार वर्षांत एकदाही खूण न करता पट्ट्या मांडून पाहिल्यास का? तापाने गेलेला वास पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत, कधी वर्षाने परत येतो. हे मी रसायनशास्त्राच्या वर्गात शिकवलेलं नाही, पण डॉक्टरांकडून ऐकलेलं आहे. एक साधी परीक्षा घे. त्यात कोणाचं काही जात नाही.

या वर्षीच्या नमुन्यांबरोबर तपासणीचे कागद येतील, त्यांच्या नकला मला पाठव. निवड अर्धी कागदावर करता येते. तेवढा भार तरी हलका होईल.

वरच्या खोलीला पडदा लावला. निळा आहे. तुला निळा आवडत नाही हे नंतर आठवलं. असू दे आता.

आत्या


२३ सप्टेंबर

आत्या,

परीक्षा मी घेणार नाही. आंधळ्याची काठी ओढून घ्यायची आणि तो धडपडतो का ते बघायचं, यातली ती परीक्षा. तू त्यांना त्या साठवणीच्या खोलीत पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. कॉफीचंही विचारणार नाही. विचारलं तर "का गं, चोरून प्यायलीस का?" असं ऐकायचं आणि मग आठवडाभर स्वयंपाकघरात तोच विषय.

नमुने आले. या वेळी पाच आहेत. नकला सोबत ठेवल्या आहेत, आणि मला काय वाटलं तेही लिहिते.

पहिला उघडल्याबरोबर कापूर. डोळ्यांत पाणी आलं. मालिशच्या तेलाला चालेल, अत्तरात घातला तर बाई सर्दीवर औषध लावून आली असं वाटायचं. चौथा मला आवडत नाही. वरवर गोड आहे, पण खाली काहीतरी टोचतं. मनगटावर एक थेंब लावला होता, तिथे संध्याकाळपर्यंत खाज सुटली. पाचवा संकरित जातीचा, रोखठोक, जरा आडदांड. साबणाला तोच बरा, कारण उंचावरचं नाजूक तेल साबणाच्या क्षारात टिकत नाही, महिनाभरात वास पार उडून जातो. दीर म्हणतो पाचवाच सगळीकडे घाला. "गिऱ्हाइकाला काय कळतंय, वहिनी? जांभळं लेबल लावलं की झालं लॅव्हेंडर."

राहिले दोन आणि तीन. दोन्ही डोंगरावरचे. दोन्ही पहिल्या श्वासाला सुंदर. जुन्या अत्तराच्या बाटलीत यांतलंच एक जाणार. आमच्या घराचं नाव त्या एका बाटलीवर उभं आहे. ती बिघडली तर व्यापारी पुढच्या वर्षी येणार नाहीत. कोणतं घ्यायचं ते अजून ठरत नाही. निवड ऑक्टोबरच्या मध्याला आहे.

काल सासूबाईंनी मला केसांना तेल लावून दिलं. कधी लावत नाहीत. लावता लावता म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मी आहे." आत्या, अशा वेळी काय बोलायचं असतं?

तुझी
नकटी


३० सप्टेंबर

नकटे,

कागद पाहिले.

पहिला बाद. कापूर इतका की कागदावरसुद्धा वास यावा. चौथा गेल्या वर्षीचा असणार. बाटली अर्धी रिकामी ठेवून तेलाला हवा लागू दिलेली दिसते. असं तेल कातडीला बाधतं. तुझ्या मनगटाने आधीच निकाल दिला आहे, तो मान. पाचवा साबणाला घ्या, पिशव्यांनाही चालेल. तुझा दीर एवढ्यापुरता बरोबर आहे, त्याला हे कळवण्याची गरज नाही.

दोन आणि तीन यांत कागद काही सांगू शकत नाही. दोघांचे आकडे चांगले आहेत. पण चांगले आकडे कारखान्यातही तयार करता येतात. हलक्या तेलात बाहेरून दोन-तीन पदार्थ मिसळले की कागद झकास होतो. तसं केलेलं असेल तर ते पट्टीवर दुसऱ्या दिवशी उघडं पडेल. खरं तेल दुसऱ्या दिवशी वाळलेल्या गवतासारखं काहीतरी मागे ठेवतं. बनवलेलं निघून जातं आणि मागे काही राहत नाही. तेव्हा दोन्ही पट्ट्या रात्रभर ठेव आणि सकाळी हुंग. हे काम नाकाचं. म्हणजे तुझं.

केसांच्या तेलाबद्दल. अशा वेळी "थँक्यू" म्हणायचं असतं. त्याहून जास्त काही देणं लागत नाही.

कॉफीचं उत्तर आलेलं नाही. नोंद घेतली आहे.

खोलीत खिडकीपाशी टेबल आणून ठेवलं. सुताराने एक पाय तोकडा केला, त्याच्याकडूनच नीट करून घेतला.

आत्या


८ ऑक्टोबर

आत्या,

सोबत दुसरं पाकीट आहे. ते तुझ्या विद्यार्थिनीला स्वतःच्या हाताने दे. मी नोकरी नाकारते आहे. टपालपेटीपर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले, म्हणून तुझ्यावर टाकते.

आधी ऐकून घे, मग बोल.

परवा दुपारी दोन व्यापारी आले होते. सगळे बसलेले. दीर हसत हसत एक बाटली घेऊन आला, चिठ्ठी नसलेली. आईच्या नाकाखाली धरली. "आई, हे काय ते ओळखून दाखव बघू पाहुण्यांना." गंमत म्हणून. पण त्याच्या डोळ्यांत गंमत नव्हती. सासूबाईंनी बाटली नाकाशी धरली आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आत्या, विहिरीत पडलेलं माणूस वर बघतं तसं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो सोडून दिला. सहा कप फुटले, व्यापाऱ्याची विजार भिजली, दीर ओरडला, "वहिनी, लक्ष कुठंय तुमचं!" आणि बाटलीचं सगळे विसरले.

नंतर साठवणीच्या खोलीत पिंपांच्या मागे बसून मी रडले. त्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी. मला कळून चुकलं, की मी तुझ्या निळ्या पडद्याच्या खोलीत बसले असते तरी माझा एक कान इथल्या टेबलाशी राहिला असता. पुढच्या वर्षी बाटली कोण आणेल, ट्रे कोण सोडेल? त्या आहेत तोवर मी इथेच. एकदा ठरवून टाकलं की निदान रोज दाराकडे बघायला नको.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू म्हणशील तसं." आणि लगेच झोप लागली त्यांना.

रागावू नकोस.

तुझी
नकटी


१३ ऑक्टोबर

नकटे,

दोन्ही पाकिटं मिळाली. दुसरं योग्य जागी ठेवलं आहे.

रागावले नाही. निवड झाली की कळव.

आत्या


२१ ऑक्टोबर

आत्या,

निवड होऊन गेली. काय झालं ते ओळीने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी मी सर्दीने आडवी झाले. नाक चोंदून दगड. दोन आणि तीनच्या पट्ट्या तू सांगितलंस तशा आदल्या रात्री भिजवून ठेवल्या होत्या. सकाळी हुंगल्या, काही नाही. कांदा फोडून हुंगला, काही नाही. चार वर्षांपूर्वी त्यांना काय वाटलं असेल ते मला त्या सकाळी कळलं. जमीन पायाखालून जाते.

त्यांना आधी गाठून सांगायचं होतं. पण व्यापारी लवकर आले, दीर दारातच उभा, आणि मला नव्या पट्ट्या बुडवायला आत पाठवलं. काय करणार? डोळे मिटले आणि तीनच्या बुडाशी चुणी पाडली. का तीन? तीनची बाटली उजव्या हाताला होती, एवढंच.

पट्ट्या मांडल्या. त्यांनी पहिली उचलली, ठेवली. चौथी, पाचवी. मग तीन. अंगठा बुडाशी गेला, चुणी लागली, मी पाहिलं. आता "ही" म्हणणार. त्यांनी तीन परत नाकाशी नेली. एकदा. पुन्हा एकदा. कपाळाला बारीक आठी. आणि पट्टी खाली ठेवून दोन उचलली.

"ही," म्हणाल्या. "अजून कच्ची आहे, भट्टीचा हिरवेपणा गेलेला नाही. तीन महिने अंधारात ठेवा, मग बाटलीत भरा."

सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. काय करणार होते?

आत्या, हिरवेपणाचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. चुणी फक्त "ही" एवढं सांगते, "कच्ची आहे" असं सांगत नाही.

काल सर्दी उतरली. दोन्ही बाटल्या घेऊन बसले. दोनमध्ये खरंच ओल्या देठासारखा हिरवेपणा आहे, आणि कालच्या पट्टीवर आज सकाळी वाळलेलं गवत. तीनच्या पट्टीवर आज सकाळी कागद. नुसता कागद. बनवलेलं तेल होतं. माझ्या चुणीवर त्या गेल्या असत्या तर जुनं अत्तर या वर्षी मेलं असतं.

म्हणजे त्यांना वास येतो. किती दिवसांपासून, देव जाणे. कॉफीचं कोणीच सांगितलं नव्हतं. माझ्या अंगालाच तिचा वास येत होता.

आणि मी नकार लिहून, चिकटवून, तुझ्या हाती देऊन बसले! ज्या बाईला माझी गरज नाही तिच्यासाठी. पूर्वी निदान कशासाठी अडकलेय ते माहीत होतं. आता दार उघडं दिसतंय आणि बाहेरचा रस्ता मीच खणून टाकलाय. आज दिवसभर त्या मला हाका मारताहेत, "अगं, ही पट्टी बघ," "अगं, झाकण लाव," आणि मी जातेय. पाय आपोआप जातात. त्यांच्यासमोर तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मला भीती वाटते.

तू म्हणाली होतीस परीक्षा घे. हवं तर म्हण, मी सांगितलं नव्हतं का. मी ऐकून घेईन.

तुझी
नकटी


२४ ऑक्टोबर

नकटे,

तसं म्हणणार नाही. वेळ नाही.

तुझं नकाराचं पाकीट माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, तू चिकटवलंस तसंच. मी ते दिलं नाही. योग्य जागी ठेवलं असं लिहिलं होतं, ती जागा हीच.

का दिलं नाही, ते ऐक. ज्या माणसाने नुकता ट्रे फोडला आहे त्याने लिहिलेलं पत्र मी दोन आठवडे थांबवून ठेवते. महिनाअखेर झाली असती तर दिलं असतं, म्हणजे द्यायचं असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात हात उचलला असता की नाही, सांगता येत नाही. माफी मागत नाही. रागवायचं असेल तर रागव, पण मुदत संपल्यावर.

आता निर्णय तुझा. होय असेल तर प्रयोगशाळेला स्वतः फोन कर, मला मध्ये घेऊ नकोस. नाही असेल तर मला एक ओळ लिही, पाकीट त्याच दिवशी पोचतं करीन.

पण त्याआधी सासूशी बोल. न बोलता निघालीस तर जन्मभर तिच्या पट्ट्या मांडत राहशील, इथे बसूनसुद्धा.

वरच्या खोलीच्या दाराला नवं कुलूप बसवलं. जुनं अडकत होतं.

आत्या


२९ ऑक्टोबर

आत्या,

बोलले.

काल दुपारी वजनकाट्याच्या खोलीत त्या एकट्या होत्या. मी त्यांच्यासमोर दोन पट्ट्या ठेवल्या, दोन आणि तीन. चुणी नाही. त्यांनी एक उचलली, अंगठा बुडाशी गेला. दुसरी उचलली, अंगठा बुडाशी गेला. मग बराच वेळ अंगठा तिथेच फिरत राहिला. वर न बघता म्हणाल्या, "खूण विसरलीस."

"विसरले नाही."

त्यांनी पट्ट्या खाली ठेवल्या. न हुंगताच. त्याची आता गरज नव्हती.

"कधीपासून येतोय वास?" मी विचारलं.

"पहिल्या हंगामाला खरंच काही येत नव्हतं. तुझी शपथ."

"माझी नको."

"बरं. दुसऱ्या हंगामाच्या आधी एक दिवस सकाळी उठले तर उशीला वास होता. माझ्याच डोक्याचा. तासभर उशी धरून बसले."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर पट्ट्या मांडायला आली असतीस? माझ्या शेजारी बसली असतीस? हा थोरला मुका, धाकटा वखवखलेला. या घरात माझ्या तोंडाकडे बघून बसणारं दुसरं कोण आहे?"

मी विचारलं, "त्या बाटलीत काय होतं, तो ट्रे पडला त्या दिवशी?"

"टर्पेंटाइन. ते मेलं नाकात बोट घालून बाहेर ओढत होतं."

"माहीत होतं तर माझ्याकडे का बघितलंत?"

आत्या, त्या लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "बघायचं होतं, धावतेस का."

मला वाटलं होतं मी ओरडेन. उलट खाली ठेवलेल्या पट्ट्या सरळ केल्या. त्याच पुढे म्हणाल्या, "तिन्ही वर्षं तू पाडलेली खूण बरोबर होती, म्हणून गप्प बसले. या वर्षी पहिल्यांदा चुकलीस. मला वाटलं, मुद्दाम केलंस."

"सर्दी होती."

"सर्दी!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मग पदर नीट केला, दोन्ही पट्ट्या टोपलीत टाकल्या आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "कधी निघतेस?"

म्हणजे नेमणुकीचंही त्यांना माहीत होतं. ते पत्र तेलाच्या खोलीतल्या फडताळात होतं. कागदाला तिथला वास लागला असणार, की त्यांनी सरळ वाचलं, ते मी विचारलं नाही. सगळंच विचारायचं नसतं.

"पंधरा दिवसांनी," मी म्हटलं.

"पाचवा नंबर साबणाला घालायचा, ते धाकट्याला नीट समजावून जा. माझं तो ऐकत नाही." एवढंच. त्या काट्यावर बाटली ठेवून वजन बघायला लागल्या. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागे वळून बघितलं नाही. मीही नाही, पण माझी मान अजून दुखते आहे.

ह्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच ते "पण" म्हणाले नाहीत. हत्यारांची पेटी काढून पुसत बसले आहेत.

प्रयोगशाळेला आज सकाळी फोन केला. मी होय म्हटलं.

आता तुझं. मुदत संपलेली नाही, पण राग आत्ताच येतोय. एक बाई वास येत नाही म्हणून मला धरून ठेवते, दुसरी माझं पत्र खणात धरून ठेवते. दोघींनाही माझं भलंच करायचं होतं. झाडलेली खोली, निळा पडदा, टेबल, नवं कुलूप. दर पत्रात ती खोली भरत गेली आणि मी वाचत गेले. पट्ट्या मांडलेल्या टेबलाशी मी चार वर्षं बसले आहे, आत्या. कोण कशाला हात लावून माझ्याकडे बघतंय ते आता मला लांबून कळतं.

नकाराचं पाकीट फाडू नकोस, देऊही नकोस. मी आल्यावर माझ्या हातात दे. आणि एवढंच कळव. त्या नव्या कुलपाला किल्ल्या किती?

तुझी
नकटी


२ नोव्हेंबर

नकटे,

दोन होत्या. एक माझ्या जुडग्यात होती. काल संध्याकाळी ती काढली. कडी घट्ट होती, नख मोडलं.

दोन्ही या पाकिटात आहेत.

आत्या